वाळवंटातला पहिला हंडा

सालोमी सलग तीन-चार दिवस गप्प होती, असं वाघोलीच्या आळीत जाऊन सांगा, लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. पहाटे चाफा खुडायला वाडीत उतरली की तिचं तोंड सुरू होई, ते संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेपर्यंत. कोणाची म्हैस दूध देईना, कोणाचा पोरगा नापास झाला, फादरांचं प्रवचन लांबलं, सगळ्याचा निकाल ती वाडीतूनच लावी आणि तो पार रस्त्यापर्यंत ऐकू जाई. भांडकुदळ म्हणाल तर नाही हं. तिला नुसतं बोलल्याशिवाय राहवत नसे. आणि तीच सालोमी अमेरिकेत, एका चालत्या घरात, खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून मूग गिळून बसली होती. कारण समोरच्या बाकावर जयवंती बसली होती.

चालतं घर म्हणजे आरव्ही. बसएवढी गाडी, आत चूल, बेसिन, फ्रीज, बाक ओढला की पलंग, आणि कपाटाएवढा संडास. चालवत होता निमिष, जयवंतीचा मुलगा. त्याच्या शेजारी ज्युली, सालोमीची मुलगी. नवराबायको दोघं. आणि मागे त्यांच्या दोन आया, एकमेकींच्या विहिणी, ज्या गेली पाच वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. बाहेर मैलोन् मैल वाळवंट. उतरून जाते म्हणावं तर जायचं कुठे?

तोच तर पोरांचा डाव होता. दोघांनी आपापल्या आईला वेगवेगळं बोलावलं. सालोमी आठवडाभर आधी आली. मग ज्युली म्हणाली, "मम्मी, चल, विमानतळावरून निमिषच्या ओळखीच्या कोणाला तरी आणायचंय." सालोमी हौसेने गेली. दार सरकलं आणि ट्रॉली ढकलत बाहेर आली जयवंती, पांढुरक्या साडीवर निमिषचा जुना स्वेटर घालून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी आपापल्या पोरांकडे असं पाहिलं, की ज्युली म्हणते, तेव्हा विमानतळावर पोलीस होते म्हणून वाचलो. दुसऱ्याच दिवशी गाडी दारात उभी. निमिष म्हणाला, "घरात खोल्या असतात, दारं लावून बसाल. गाडीत काय लावाल?"

आता या दोघी बोलत का नव्हत्या, ते सांगायला हवं. आधी बोलायच्या किती, ते सांगायला हवं.

सालोमी नंदाखालहून लग्न होऊन वाघोलीत आली तेव्हा तिची सासू आजारी, नवरा आलोशियस दिवसभर कचेरीत, आणि पदरात चाफ्याची वाडी. चाफा पहाटेच खुडावा लागतो, ऊन चढलं की पाकळी उघडते आणि बाजारात कोणी विचारत नाही. ते तिला शिकवलं शेजारच्या जगन्नाथने, जयवंतीच्या नवऱ्याने. त्याची पानवेल आणि केळी. सालोमीची फुलं केळीच्या पानात बांधून दादरला जात, तिथून देवळांत. जगन्नाथ तिला चिडवायचा, "सालोमी, आळीत बाप्पाची खरी भक्त तूच गं." ती म्हणायची, "मग तुमच्या बाप्पाला सांगा, माझ्या गुडघ्यांचं बघ म्हणावं." जगन्नाथ हसत सुटायचा.

दोन वाड्यांच्या मधे अडुळशाचं कुंपण होतं. दोघींनी ये-जा करून करून त्यात एक खिंडार पडलं होतं. जयवंतीची सासू सालोमीच्या हातचं पाणी घेत नसे. म्हातारीची पाठ वळली की जयवंती त्या खिंडारातून येऊन सालोमीच्या ओट्यावर चहा पिऊन जाई. नाताळला सालोमी तिच्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळ्या भांड्यात करी, ते भांडं वर्षभर दुसऱ्या कशाला वापरत नसे. चर्चच्या सणाला जयवंती यायची, दारात चपला काढायची. सगळे बूट घालून आत, आणि ही एकटी अनवाणी. मग हौजीच्या तंबूत दोघी एका तिकिटावर खेळायच्या आणि आकडा लागला की सालोमी अशी किंचाळायची, की फादर मान फिरवून बघायचे. बोली दोघींची एकच, कादोडी. इथेही दोघी जे काही बोलल्या ते त्याच बोलीत. आपण सोयीसाठी सरळ मराठीत ऐकू.

पोरं एकत्र वाढली, एकापाठोपाठ अमेरिकेला गेली. ज्युली नर्स, निमिष कंप्युटरवाला. आणि एक दिवस दोन्ही घरच्या फोनवर एकच फोटो आला. पांढऱ्या कमानीखाली ज्युली आणि निमिष, हातात हात. खाली लिहिलेलं, आम्ही लग्न केलं, माफ करा. लास वेगस नावाच्या गावात. पोरांना ठाऊक होतं, घरी विचारलं तर काय होईल. सालोमी म्हणणार, चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारली पाहिजेत. जयवंती म्हणणार, गुरुजी, मुहूर्त, सप्तपदी. दोन्ही घरं जिवाला जीव देणारी, पण सोयरीक म्हटली की जीव वेगळा आणि धर्म वेगळा. म्हणून पोरांनी दोन्ही घरांना चुकवलं.

त्या संध्याकाळी दोघी खिंडारापाशी आल्या. खरं म्हणजे गळ्यात पडून रडायलाच आल्या असतील. पण जयवंतीच्या तोंडून निघालं, "तुम्ही लोक असेच." इतक्या वर्षांत त्या दोघींत 'तुम्ही लोक' कधी आलं नव्हतं. सालोमीला मिरची झोंबली. जीभ ती, तिला हाड कुठलं? "तुझ्या घरी वळण असतं तर पोरगा चोरासारखा लग्न करता ना," ती म्हणाली, आणि तेही कसं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. दुसऱ्या दिवशी तिने आलोशियसच्या मागे लागून खिंडारावर पत्रा ठोकून घेतला. आलोशियस म्हणाला, "सालू, खिळे मारतोय, पण उद्या काढायला मलाच सांगशील." ती म्हणाली, "मेले तरी नाही."

दोन वर्षांनी जगन्नाथ गेला. सगळी आळी गेली. आलोशियसने खांदा दिला, स्मशानातून आला तो ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. सालोमी गेली नाही. मनात नव्हतं असं नाही. मन तर त्या पत्र्यापलीकडेच होतं. पण पाय निघाला नाही, आणि एकदा पहिला दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी जायचं कोणत्या तोंडाने? दहावा झाला, तेरावा झाला, वर्ष गेलं. ती टोचणी सालोमीने कोणाला सांगितली नाही, फादरांनाही नाही. एवढी बोलकी बाई, पण ही एक गोष्ट तिच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही.

तर अशा दोघी त्या गाडीत समोरासमोर. बोलणं व्हायचं ते पोरांमार्फत. "ज्युली, तुझ्या सासूला विचार, चहात साखर किती." "निमिष, तुझ्या सासूला सांग, पूर्वी होती तेवढीच." मधे दोन हात अंतर. पोरं बिचारी निरोप्याचं काम करून थकली. झोपायला मागचा मोठा पलंग दोघींना मिळाला. सालोमीने मधे उशी ठेवली. जयवंतीने तिच्या बाजूने दुसरी ठेवली. राहिलेल्या जागेत दोघी काठावर आखडून पडत आणि सकाळी दोघींच्या कमरा धरलेल्या.

एकदा सालोमीला चेव आला. इंडियन दुकानातून ज्युलीने सुके बोंबील आणले होते. हिच्यासमोर आज तळतेच, बघू काय करते. तवा ठेवला, पाकीट फोडलं, आणि उभी राहिली. जयवंती घरात असताना सालोमीने आजवर मासळी तव्यावर टाकली नव्हती. तिने पाकीट पुन्हा बांधलं आणि वालाची उसळ टाकली. ज्युलीने विचारलं, "काय झालं गं?" "खिडकी उघडत नाही इथली," सालोमी म्हणाली. खिडकी चांगली उघडत होती. जयवंतीने उसळ दोनदा वाढून घेतली, पण वर बघितलं नाही.

आणि मग लास वेगस आलं. भर दुपारी, उजाड मातीतून एकदम ते गाव उभं राहिलं, जणू कोणी सगळ्या जगाची जत्रा आणून ओतली होती. गाडी एका आरव्ही पार्कात लावली आणि चौघं पायी निघाली. ज्युलीने आईला पांढरे बूट घेतले होते. साडीखाली ते बूट घालून सालोमी ऐटीत चालत होती. इकडे पिरॅमिड, तिकडे लोखंडी मनोरा, एका इमारतीच्या पोटात चक्क कालवा आणि होड्या, आणि वर रंगवलेलं आभाळ. सालोमीने मान वर करून ते आभाळ बघितलं आणि म्हणाली, "पाऊस पाडून दाखवा म्हणावं." पिसं लावलेल्या, अंगावर जेमतेम कापड असलेल्या दोन उंच मुली फोटोसाठी जवळ आल्या. सालोमीने छातीवर क्रुसाची खूण केली. मग फोटोही काढला.

कसिनोत मात्र तिचं मन लागेना. थंडगार अंधारात मशीनींच्या रांगा, लुकलुक, टिणटिण, आणि प्रत्येक मशीनपुढे एकेक म्हातारी. कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. बटण दाबायचं, बघायचं, बटण दाबायचं. शेजारच्या म्हातारीकडे मान वळवत नव्हती एकही.

"ह्यांना घरी कोणी नसेल का?" सालोमी म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, हवेत.

"असेलही," मागून जयवंती म्हणाली, तीही हवेतच. "असूनही काय, बोलायला नको?"

सालोमीने मागे पाहिलं नाही, पण चालायची थांबली ती. ज्युलीने विचारलं, "दमलीस का?" तर म्हणे, "बूट चावतायत."

बाहेर आल्यावर निमिष जरा घुटमळला. म्हणाला, "आई, मावशी, तुम्हाला एक जागा दाखवायची आहे." सालोमीला तो लहानपणापासून मावशीच म्हणे, सासू झाल्यावरही त्याची जीभ वळली नव्हती. दोन गल्ल्या सोडून एक बुटकं पांढरं चर्च होतं, शेजारी गाड्या धुवायचं दुकान. छपरावर घंटा, पुढे हिरवळ, हिरवळ प्लास्टिकची. इथेच झालं होतं लग्न.

सालोमी आत शिरली आणि सवयीने दारापाशी पवित्र पाण्यासाठी हात पुढे केला. तिथे हात चोळायच्या औषधाची बाटली होती. थेंबभर हातावर पडलं, तेच तिने कपाळाला लावलं. मागे वळून बघते तर जयवंती दारात चपला काढत होती. त्या प्लायवूडच्या, पंखा घरघरणाऱ्या खोलीच्या दारात, वाकून, भिंतीला हात टेकून, अगदी आपल्या चर्चमध्ये यायची तशी. सालोमीला एकदम भरून आलं. काहीतरी बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात एक जोडपं आलं, त्यांचं लग्न लागलं, टाळ्या झाल्या, आणि जोडपं गेलंही. एवढ्या वेळात आपल्याकडे करवलीची वेणी घालून होत नाही. फोटोतली कमान समोर होती. सालोमीने तिच्यावरचं फूल चिमटीत धरलं. आयुष्य फुलांत गेलेली बाई, तिने ते लगेच सोडून दिलं आणि जयवंती बसली होती त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"इथे उभे होतो आम्ही," ज्युली म्हणाली. "कोणी नव्हतं. त्यांच्या ऑफिसातली बाई साक्षीला उभी राहिली."

"पाणी कोणी आणलं?" सालोमीने विचारलं.

"पाणी कोणी आणलं?" जयवंतीनेही विचारलं. त्याच क्षणी, त्याच शब्दांत, त्याच बोलीत. दोघी दचकल्या आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं.

त्या आळीत लग्न हिंदूचं असो की ख्रिस्तांवाचं, एक गोष्ट चुकत नाही. आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या, नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आणतात. नळाचं चालत नाही. वर आभाळ दिसेल असंच पाणी लागतं. आणि पहिला हंडा आईने उचलायचा नाही, तो शेजारणीने आणायचा. पोर एकट्या आईने थोडंच वाढवलेलं असतं, शेजारणीनेही वाढवलेलं असतं, असं त्यामागचं म्हणणं. म्हणजे ज्युलीच्या लग्नात पहिला हंडा जयवंतीचा होता आणि निमिषच्या लग्नात सालोमीचा. पोरं रांगत होती तेव्हापासून दोघींचं हे ठरलेलं. सालोमी म्हणायची, "मी मोठाच्या मोठा तांब्याचा आणणार, तुझा पोरगा आहे धिप्पाड."

"हॉटेलात शॉवर होता, मम्मी," ज्युली हळूच म्हणाली आणि मग तिलाच रडू फुटलं.

सालोमी उठली. पदर खोचला. "जया, चल."

"कुठे?"

"पाणी आणायला. आणखी कुठे?"

जयवंती बाकावरून हलली नाही. "तू जा," ती म्हणाली. "मला हंडा चालत नाही आता. हे गेल्यापासून पाण्याला मला कोणी हाक मारत नाही."

आळीतल्या लग्नांत जयवंती दिसत नव्हती, हे सालोमीने पाहिलं होतं. तिला वाटायचं, माझं तोंड बघायला नको म्हणून येत नाही. मनातून तिला तेवढंच बरंही वाटायचं, अजून राग आहे म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे. आणि इकडे ही बाई एकटी घरात बसून बँडचा आवाज ऐकत होती!

"कोण म्हणतं चालत नाही?" सालोमीचा आवाज एकदम आळीतला झाला. ऑफिसातली बाई बाहेर डोकावली. "तू विधवा परवा झालीस. शेजारीण कधीपासूनची आहेस? आधीचं आधी. ऊठ म्हणते ना!"

जयवंती उठली. दारात जाऊन तिने चपला घातल्या.

आता वाळवंटात विहीर कुठली? पण आभाळाखालचं पाणी सालोमीने येताना बघून ठेवलं होतं. एका भल्यामोठ्या हॉटेलापुढे तलावच होता, त्यात गाण्यावर नाचणारी कारंजी. गाडीतून तिने कडीचा स्टीलचा डबा घेतला, कपडे वाळत घालायची दोरी घेतली. पोरं मागून "मम्मी, नको, आई, नको" करत होती. ऐकलं असतं, तर ती सालोमी कसली!

उन्हं उतरली होती, दिवे लागत होते. कठड्याला माणसांची ही गर्दी, सगळ्यांचे फोन वर. सालोमीने कडीला दोरी बांधली आणि डबा कठड्यावरून खाली सोडला. पाणी आलं की तोंड आपोआप सुटतं; तिने पाण्याचं गाणं धरलं, नवरीच्या मावशीला आणि विहिरीवरच्या मोगऱ्याला आळवणारं. एक ओळ एकटीने म्हटली. दुसऱ्या ओळीला शेजारून बारीक, घोगरा आवाज मिळाला. जयवंती दोरीला हात लावून गात होती. त्याच वेळी कारंजी उसळली आणि लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग आहे. अर्ध्या लोकांनी फोन यांच्याकडे वळवले.

आणि हॉटेलचा पहारेकरी आला. धिप्पाड माणूस, दाराएवढा. निमिष हात जोडून इंग्रजीत काहीबाही सांगू लागला. सालोमीने डबा छातीशी धरला. याने ओतून टाकायला लावलं तर काय करायचं, हे तिचं ठरलेलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. पहारेकऱ्याने डब्यात वाकून बघितलं, दोघींकडे बघितलं, आणि कुठेतरी निघून गेला. परत आला तो हातात गार पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. "हे पाणी पिऊ नका, आजी," असं काहीसं तो म्हणाला, "औषध टाकलेलं असतं. हे प्या." दोघींच्या हातात एकेक बाटली देऊन गेला. सालोमी ज्युलीला म्हणाली, "भला माणूस आहे गं. त्याची आई विहिरीवरची असणार."

निमिषच्या रुमालाची सालोमीने चुंबळ केली आणि जयवंतीच्या डोक्यावर ठेवली. मग दोन्ही हातांनी डबा उचलून चुंबळीवर बसवला. जयवंतीने डोळे मिटले. पुन्हा उघडले, मान ताठ केली आणि चालू लागली. त्या लखलखाटातून, पिसं लावलेल्या पोरींच्या मधून, पांढुरक्या साडीतली ती किडकिडीत बाई, एक हातही न लावता, थेंब न सांडता. लोक आपणहून बाजूला होत होते. सालोमी पुढे गात चालली होती.

आरव्ही पार्कात दोन खुर्च्या मांडून पोरांना बसवलं. जयवंतीने ज्युलीच्या डोक्यावर पाणी घातलं, सालोमीने निमिषच्या. पाण्याला औषधाचा वास येत होता आणि वाळवंटातली संध्याकाळ, दोघंही कुडकुडत होती, पण हलली नाहीत. निमिष पाणी पुसत म्हणाला, "मावशी, पाच वर्षं पारोसाच होतो म्हणायचा." सालोमीने त्याच्या ओल्या डोक्यात एक टपली मारली. मग पोरं कोरडे कपडे घेऊन पार्काच्या न्हाणीघराकडे गेली आणि गाडीत दोघीच राहिल्या.

सालोमीने भात टाकला. डाळीचं पीठ काढलं, पाण्यात कालवलं, लसूण ठेचली. जयवंती बाकावर बसून बघत होती.

"काय करतेस?"

"पिठलं-भात."

आळीत ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरून पिठलं-भात येतो. फोडणी तडतडली, पिठलं रटरटायला लागलं. सालोमी पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशीही केला होता, जया. पातेलं भरून. पदराखाली धरून पत्र्यापर्यंत आले. मग मागे फिरले. रात्री केळीच्या बुंध्यात ओतला."

"माहीत आहे," जयवंती म्हणाली. "वास आला होता."

सालोमीच्या हातातला डाव पिठल्यात तसाच राहिला.

"पत्र्याच्या अलीकडे येऊन बसले होते मी. घरात माणसं मावत नव्हती. कोणी भात पुढे करत होतं, कोणी चहा. मी म्हटलं, मला नको. लसणीचा वास आला होता ना. म्हटलं, सालू आणतेय. आता येईलच."

सालोमी रडली. तिचं रडणंही तिच्या आवाजाला शोभणारं. शेजारच्या गाडीतल्या माणसाने खिडकीचा पडदा बाजूला केला. "चुकलं गं माझं," ती म्हणत राहिली. "तुझ्या दारात यायचं सोडून मी पत्रा धरून उभी राहिले. चुकलं." जयवंती रडली नाही. ती उठली, पिठलं खाली लागत होतं म्हणून गॅस बारीक केला, आणि कपाटातून ताट काढून सालोमीच्या हातात दिलं. "वाढ," ती म्हणाली. "भूक लागलीय."

सालोमीने वाढलं. भाताचा ढीग, मधे खळगा, खळग्यात पिठलं. समोर बसली. जयवंतीने एक घास घेतला, दुसरा घेतला. तिसरा हातात तसाच ठेवून ती म्हणाली, "त्या दिवशी ना सालू, हे नेहमीसारखेच उठले. चहा अर्धाच प्याले. म्हणाले, पानवेलीत जाऊन येतो."

आलोशियसकडून सालोमीला सगळं कळलेलं होतं. कुठे पडला, कोणी पाहिलं, डॉक्टर कधी आला. आळीत सगळ्यांना जयवंतीने स्वतः सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा, दारात येईल त्याला. फक्त एकीला सांगायचं राहिलं होतं. सालोमीने डोळे पुसले, बाकावर पुढे सरकली आणि विचारलं, "मग?"